ध्वनिफितींच्या नकला व पाठनिर्णय : एका सुहूर सनाची दुरुस्ती

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या गांवचें, आगरांच्या पाटाच्या पाण्यासंबंधींचें एक ताकीदपत्र आम्हीं सन २०११ मध्यें एका स्थानिक स्मरणिकेंत प्रसिद्ध केलें होतें. त्या पत्राचा सन आम्हीं ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असा छापला, आणि त्यावरून पत्र इ. स. १७७३ च्या अखेरचें ठरविलें. तें वाचन चुकलें होतें. खरा सन ‘सबा सबैन मया व अलफ’ असा आहे, व पत्र १७७६ चें आहे. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठीं त्रैमासिकाचीं इतकीं पानें कशाला अडवावीं, असें कोणी विचारील. परंतु हें पत्र आम्हीं कागदावरून वाचलेलें नसून कॅसेटवरून ऐकलेलें आहे, व चूक झाली ती कॅसेटची नक्कल संगणकांत उतरवितांना झाली. वृद्धांच्या तोंडच्या वंशावळी, कैफियती, पोवाडे, वेदपठण अशा कॅसेटी आमच्यासारख्या पुष्कळांच्या पेटींत पडून आहेत, आणि त्यांच्या नकला करून घेण्याची घाई सध्यां सर्वांसच झाली आहे. म्हणून चूक कोठें शिरली हें जरा विस्तारानें सांगतों.

हकीकत अशी. सन १९८६ च्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही त्या गांवीं गेलों होतों. शाळेंत संस्कृत शिकवूं लागून आम्हांस तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. मोडीचीं अक्षरें ओळखूं येत, पण सलग वाचन होत नसे. गांवच्या कुळकर्णी घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांजवळ जुन्या कागदांचा एक रुमाल होता. कागद घराबाहेर न्यावयाचे नाहींत, कीं त्यांची नक्कलहि करावयाची नाहीं, अशी त्यांच्या वडिलांची शपथ असल्याचें त्यांनीं सांगितलें, पण लगेच पुढें म्हणाले, “मास्तर, वाचून दाखवितों, ऐका हवें तितकें.” ऐकण्याला शपथ आड येत नव्हती. एका स्नेह्याचा चार सेलांवर चालणारा टेपरेकॉर्डर आम्हीं मागून नेला होता. तीन संध्याकाळीं ओटीवर बसून त्यांनीं चवदा कागद वाचले व आम्हीं ते तीन कॅसेटींवर उतरवून घेतले. पुढें एका पावसाळ्यांत त्या घराचें छप्पर गळलें, फडताळाला वाळवी लागली, आणि १९९४ मध्यें आम्ही पुन्हां गेलों तेव्हां रुमालाच्या जागीं भुग्याखेरीज कांहीं नव्हतें. वाचणारे गृहस्थहि त्यापूर्वींच निवर्तले होते. त्या चवदा कागदांना आतां तीन कॅसेटींवांचून दुसरा साक्षी नाहीं.

कॅसेटचें कुळ फार जुनें नाहीं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. ध्वनि लोहचुंबकाच्या रूपानें तारेवर धरून ठेवण्याची युक्ति डेन्मार्कच्या पौल्सेननें १८९८ त काढली, कागदी फितीवर लोहचूर्ण चढविण्याची जर्मनींत फ्लॉयमरनें १९२८ त काढली, आणि फिलिप्स कंपनीनें ही लहानशी डबी बर्लिनच्या प्रदर्शनांत १९६३ सालीं मांडली. हींतील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते व सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ह्या मंद गतीनें हेडासमोरून सरकते. साध्या, एका कर्ण्याच्या यंत्रांत प्रत्येक बाजूचा लेख सुमारें दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत मावतो. गति इतकी मंद असल्यामुळें उंच ध्वनीचें अक्षर फार बारीक पडतें. सेकंदाला ८,००० कंपनांच्या ध्वनीची एक लहर फितीवर सहा मायक्रॉनांहूनहि आखूड असते; माणसाचा केंस तिच्या दसपट जाड भरेल. दन्त्य ‘स’चा सीत्कार बहुतेक सगळा ४,००० कंपनांच्या वर असतो. अर्थात् फितीच्या लेखांत सर्वांत बारीक लिहिलेलें व सर्वांत आधीं पुसलें जाणारें अक्षर कोणतें, तर ‘स’. हें आम्हांस तेव्हां ठाऊक असतें तर पुढील प्रकरण घडलें नसतें.

सन २००९ मध्यें आम्हीं तिन्ही कॅसेटी शहरांतील एका दुकानीं दिल्या. आठ दिवसांनीं एक तबकडी मिळाली, तींत एमपी-थ्री जातीच्या सहा फायली होत्या. दुकानदारानें ‘आवाज स्वच्छ करून दिला आहे’ असें अभिमानानें सांगितलें, आणि तें खरेंहि वाटलें. फितीची जी सरसर पूर्वीं सतत ऐकूं येई ती नाहींशी झाली होती. एखाद्या जीर्ण मोडी कागदाचें कोणीं सुवाच्य बाळबोध करून हातीं द्यावें, तसा आम्हांस आनंद झाला. जीर्ण कागदाचें आयतें बाळबोध हातीं आलें असतां जाणता संशोधक प्रथम मूळ कागद कोठें आहे हें विचारतो. आम्हीं कॅसेटी पेटींत घातल्या व त्या फायलींवरून लेखन सुरू केलें.

सनाच्या जागीं आम्हांस ऐकूं आलें तें ‘अबा अबैन मया व अलफ’. सुहूर सनाचे अंक अरबी शब्दांत असतात हें वाचकांस सांगणें नको. अबा असा अंक त्यांत नाहीं व अबैनहि नाहीं. एककाच्या जागीं अर्बा म्हणजे चार किंवा सबा म्हणजे सात. दशकाच्या जागीं अर्बैन म्हणजे चाळीस किंवा सबैन म्हणजे सत्तर. म्हणजे ११४४, ११४७, ११७४ व ११७७ असे चार सन संभवतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळविले कीं इसवी सन येतो (पानपतच्या मोहिमेचा इहिदे सितैन म्हणजे ११६१, तो १७६०-६१). त्या हिशेबानें हे चार सन १७४३, १७४६, १७७३ व १७७६ ह्या वर्षीं सुरू होतात. महिना स्पष्ट आहे, रमजान. चंद्राचा आंकडा ऐकूं येत नाहीं. पत्राच्या मजकुरांत ‘मुलकांत धामधूम जाहली’ असे शब्द आहेत. आम्हीं पंचांग काढलें. अर्बा सबैनांतील रमजान १७७३ च्या नोव्हेंबराच्या मध्यास लागतो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. खुनानंतर अडीच महिन्यांनीं कोंकणांतील एका खेड्याच्या पाटावर त्या गोंधळाचा परिणाम झालेला दिसतो, असें लिहिण्याचा मोह अनावर झाला. आम्हीं तसें लिहिलें. ‘धामधूम’ ह्या एका शब्दावर व एका रेफावर आम्हीं दीड पानाचा इमला चढविला.

ह्यांतील तर्कदोष आतां लाज वाटावी इतका उघड दिसतो. लागून आलेल्या दोन शब्दांपैकीं दुसऱ्यांत आम्हीं ‘स’ भरला आणि पहिल्यांत ‘र’. एकाच ओळींत, एकाच जातीच्या त्रुटीला दोन न्याय लावले. तसें करण्यास आधार एकच होता, तो म्हणजे आम्हांस १७७३ हवें होतें.

चूक उघडकीस आणली ती आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. हे गृहस्थ रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत असत व आतां संगणक दुरुस्त करतात. इतिहासाशीं त्यांचा संबंध परीक्षेपुरताच होता. २०२२ सालीं ते घरीं आले असतां आम्हीं कौतुकानें तो भाग त्यांस ऐकविला. थोडा वेळ ऐकून ते हंसूं लागले. “गुरुजी, ताकीदपत्रांत ‘अबब’ कशाला?” असें त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, तेथें ‘सबब’ आहे: मुलकांत धामधूम जाहली, सबब पाट मोडला. “तुम्हांला मजकूर पाठ आहे म्हणून तुम्ही सबब ऐकतां. मला अबबच ऐकूं येतें,” असें ते म्हणाले. मग आम्ही दोघांनीं फाईल पहिल्यापासून ऐकली. ‘सरकार’ होतें तेथें ‘अरकार’. ‘सुहूर सन’ होतें तेथें ‘उहूर अन’. म्हाताऱ्याच्या तोंडचा एकूण एक ‘स’ गेला होता, आणि आमचा कान दर वेळीं पदरचा ‘स’ घालून शब्द पुरा करीत होता. फक्त सनाच्या ठिकाणीं दोन शब्द संभवत होते, म्हणून तेवढ्याच ठिकाणीं आम्हांस त्रुटि जाणवली.

लेखकाचें हस्तवळण एकदां कळलें कीं संशयाचें अक्षर त्याच्या इतर अक्षरांशीं ताडून लावावें, हा पोथ्या वाचणाऱ्यांचा नित्याचा परिपाठ आहे. तो येथें लावला असतां त्याच दिवशीं निर्णय झाल्यासारखा होता. ज्या नकलेंत सर्वत्र ‘स’ गळतो तेथें ‘अबा’ हें सबा असण्याचाच संभव अधिक. शिवाय रेफ हा कांहीं उंच ध्वनि नव्हे, ‘सरकार’ व ‘सुहूर’ ह्यांतील ‘र’ ठणठणीत ऐकूं येत होता, तो ‘अर्बा’मधूनच कां जावा? परंतु अनुमानावर छापून आम्ही एकदां फसलों होतों. ह्या वेळीं मूळ फीतच पुन्हां लावावयाची ठरली.

दोष फितींत आहे, यंत्रांत आहे कीं नकलेंत आहे हें आधीं ठरवावें लागतें, आणि त्याला आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलेल्या तीन कसोट्या इतक्या सोप्या आहेत कीं त्या कोणासहि करतां येतील. फीत थांबवावी, ती थांबल्यावरहि घूं घूं चालूच राहिली तर ती फितीची नव्हे, तारांची किंवा विजेची आहे. दुसरी, चांगली म्हणून माहीत असलेली कॅसेट त्याच यंत्रावर लावावी. तीहि मंद वाजली तर दोष यंत्राचा. आणि संशयित जागा दोनदां वाजवावी. दोन्ही वेळां त्याच अक्षरावर आवाज अडखळला तर व्रण फितीला आहे, निरनिराळ्या जागीं अडखळला तर चाकें घसरत आहेत. दोन प्रती ताडून सामायिक दोष व स्वतंत्र दोष निराळे काढणें म्हणतात तें ह्याहून वेगळें नाहीं.

प्रथम डबीकडे पाहिलें. फितीला हेडावर दाबून धरणारी जी नमद्याची बारीक गादी असते ती पहिल्या कॅसेटींतून सुटून पडली होती; ती नसली कीं फीत हेडाला नीट टेंकत नाहीं व उंच ध्वनि पहिल्यानें जातात. स्क्रूंच्या डबीची एक नवी कॅसेट उघडून तिच्यांत जुन्या फितीचीं दोन्ही रिळें बसविलीं. हेड, दांडा व रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसलीं. यंत्राचा पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. हें सर्व कोणीहि कारागीर करतो, त्यावर अधिक लिहीत नाहीं.

खरा मुद्दा हेडाच्या कोनाचा. हेडाला जी उभी, अतिसूक्ष्म फट असते ती फितीच्या वाटेशीं काटकोनांत असावी लागते. ह्याला ॲझिमथ म्हणतात. नोंदतांनाचा कोन व वाजवितांनाचा कोन एक नसले तर पट्ट्याच्या वरच्या कांठीं लहरीचें शिखर व खालच्या कांठीं तिचें दुसरेंच अंग फटीखालीं येतें, आणि तीं एकमेकांस खाऊन टाकतात. जितकी लहर आखूड तितकी ही हानि लवकर. दीड मिलिमीटरच्या पट्ट्यावर सहा मायक्रॉनांची लहर पुसून टाकण्यास पाव अंशाहूनहि थोडा कमी वांकडेपणा पुरतो. १९८६ सालीं आम्हीं मागून नेलेल्या यंत्राचें हेड वांकडें होतें, हें उघड आहे. दुकानांतील यंत्राचें हेड सरळ असेल. परंतु वांकड्या हातानें लिहिलेला कागद सरळ धरून कसा वाचावा? आमच्या विद्यार्थ्यानें हेडाशेजारच्या बारीक स्क्रूची मूळ जागा रंगाच्या ठिपक्यानें नोंदली, यंत्राचे डावे-उजवे दोन्ही पट्टे एकत्र मिळवून ते एका कानांत घेतले, आणि स्क्रू केसाकेसानें फिरवूं लागले. दोन्ही पट्टे मिळविले म्हणजे किंचित् वांकडेपणाहि लगेच कळतो. एका जागीं आल्याबरोबर फितीची सरसर एकदम धारदार झाली, आणि ओटीवरचे म्हातारे छत्तीस वर्षांनीं स्वच्छ ‘सरकार’ म्हणाले. त्या क्षणीं आम्हांस काय वाटलें तें लिहिण्याचें हें स्थळ नव्हे.

सरसर परत आली हें येथें मुद्दाम नोंदून ठेवतों. दुकानांत ती काढली होती म्हणून आम्ही खूष झालों होतों. संगणकांतील स्वच्छता करण्याची रीति अशी कीं, कोणी बोलत नसतांचा फितीचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवावयाचा, व त्या जातीचा ध्वनि संबंध फाइलींतून वजा करावयाचा. आतां फितीची सरसर व ‘स’चा सीत्कार ह्यांची जात फार जवळची आहे. वांकड्या हेडामुळें आधींच क्षीण झालेला ‘स’ त्या चाळणींतून कसा वांचावा? गोचिडीबरोबर गाईचें कातडेंहि निघालें. त्यांत पुन्हां फाईल एमपी-थ्री केलेली. ती जात तर कानाला ऐकूं येणार नाहीं असें जें जें वाटेल तें टाकून देऊनच लहान होते.

आणखी एक शक्यता सांगून ठेवतों. कॅसेटच्या यंत्रांवर ‘डॉल्बी’ अशी एक कळ असते. हें नांव आमच्याकडे मिरवणुकींतील कानठळ्या बसविणाऱ्या भिंतींना पडलें आहे. मूळ वस्तु अगदीं उलट, आवाज नव्हे तर सरसर कमी करण्याची युक्ति. १९६८ सालीं निघालेल्या डॉल्बी-बी पद्धतींत नोंदतांना क्षीण उंच ध्वनि वाढवून घेतात व वाजवितांना तितकेच उतरवितात, त्यामुळें फितीची सरसर सुमारें दहा डेसिबलांनीं खालीं जाते. पण जी फीत डॉल्बीवांचून नोंदलेली आहे ती ही कळ दाबून वाजविली तर वाढविलेलें कांहीं नसतांच उतरविलें जातें, आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. आमचें मागून आणलेलें यंत्र साधें होतें. खेड्यांत, सेलांवर, एका कर्ण्याच्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटी वाजवितांना ही कळ बंद आहे ना, हें आधीं पाहावें. उलट, डॉल्बीसह नोंदलेली कॅसेट डॉल्बीवांचून वाजवून तशीच नक्कल केली तर ती कर्कश होते. म्हणून डबीच्या कागदावर काय खूण केली आहे ती नकलेबरोबर उतरून ठेवावी.

यंत्रापासून संगणकापर्यंतच्या तारेनेंहि आम्हांस दोन दिवस छळलें. लॅपटॉपचें मायक्रोफोनचें भोंक ह्या कामाचें नव्हे. तें क्षीण आवाजासाठीं असल्यामुळें टेपरेकॉर्डरचा आवाज त्यांत मावत नाहीं व शब्दाचे कळस सपाट छाटले जातात. छाटलेला कळस मागाहून चढवितां येत नाहीं. वाचणारे गृहस्थ मधून मधून मोठ्यानें खोकत. तो खोकलाहि छाटला जाणार नाहीं इतकी पातळी खालीं ठेवली तेव्हां शब्द सुरक्षित राहिले. मग ५० कंपनांची घूं घूं येऊं लागली. फीत थांबविली तरी ती थांबेना. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालविला तेव्हां ती गेली.

गतीचा प्रश्न अधिक मनोरंजक होता. प्रत्येक कॅसेटच्या शेवटाकडे म्हाताऱ्याचा आवाज बारीक व घाईचा होत जातो, अगदीं शेवटीं तो पोरासारखा येतो. कारण उघड आहे: सेल उतरूं लागले, फीत नोंदतांना मंद चालली, आणि ती योग्य गतीनें वाजविली कीं बोलणें द्रुत झालें. वीज लावून नोंदलेल्या फितींत विजेची घूं घूं बारीक तरी उतरलेली असते, आणि ती ५० ऐवजीं ५१.५ कंपनांची भरली तर फीत तीन टक्के द्रुत आहे असें काढतां येतें. अर्थात् त्या काळच्या आमच्याकडील विजेचीं कंपनें स्वतःच ५० वर स्थिर नसत, हें ध्यानांत ठेवून. आमच्या फितींत वीज नव्हती. परंतु ओटीवर लंबकाचें घड्याळ होतें, व त्याचे ठोके तिन्ही कॅसेटींत पाठीमागें चालू आहेत. सेल नवे असतांना शंभर ठोक्यांना लागलेला वेळ व शेवटीं लागलेला वेळ ताडून पाहतां शेवटची गति सुमारें सहा टक्के चढलेली निघाली, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीच्या शेजारच्या पट्टीवर गेल्याइतकी. सनाच्या निर्णयाशीं ह्याचा संबंध नाहीं, तें पत्र पहिल्या बाजूच्या मध्यास आहे.

एवढें झाल्यावर सनाची जागा पुनःपुन्हां वाजविली. ‘सुहूर सन सबा सबैन मया व अलफ’ असें स्पष्ट ऐकूं येतें. संगणकावर ध्वनीचें चित्र काढून पाहिलें. ‘सबा’च्या आरंभीं ४,००० कंपनांच्या वर तसाच धूसर पट्टा आहे जसा ‘सरकार’ व ‘सबब’ ह्यांच्या आरंभीं आहे. एक शंका आम्हींच काढली. गुंडाळलेल्या फितीच्या एका पदराचा ध्वनि शेजारच्या पदरावर उमटतो व शब्दाआधीं त्याचें भूत ऐकूं येतें. हा ‘स’ तसला तर नसेल? पण रिळाचा एक वेढा सरकण्यास दीड ते तीन सेकंद लागतात, म्हणून तें भूत शब्दाच्या तितकें आधीं यावें. ‘बा’ला चिकटून येणारा ‘स’ भूत असणें शक्य नाहीं. चंद्राच्या आंकड्याच्या जागीं मात्र फितीवरचें चूर्णच गळलें आहे. तेथें तिन्ही वेळां पोकळीच आली, आणि आम्हीं टिंबें घातलीं आहेत.

ह्याहून पुढें फीत नेऊं शकत नाहीं. वाचणाऱ्या गृहस्थांनीं मूळ कागदावरचा सन बरोबर वाचला होता कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि स्क्रूनें सुटावयाचा नाहीं. ते मोडींत मुरलेले होते व सनाच्या शब्दांवर अडखळले नाहींत, एवढेंच त्यांच्या बाजूनें सांगतां येतें.

आतां १७७६. सबा सबैनांतील रमजान त्या वर्षीं ऑक्टोबराच्या मध्यापासून सुरू होतो. भाऊसाहेब पेशव्यांचें नांव घेणारा तोतया १७७६ त रत्नागिरीच्या किल्ल्यांतील कैदेंतून सुटला, कोंकणांत त्यानें मोठी उठावणी केली, आणि डिसेंबरांत पुण्यास त्याला देहान्त शासन झालें. पत्रांतील ‘मुलकांत धामधूम’ ह्या शब्दांस रत्नागिरीच्या मुलखांत, त्या महिन्यांत, दूरचा अर्थ शोधावा लागत नाहीं. पण पहिल्या वेळीं १७७३ सुद्धां इतकेंच चपखल बसलें होतें. म्हणून पत्र तोतयाच्या उठावणीच्या काळांत लिहिलें गेलें इतकेंच म्हणतों. पाट त्याच उठावणीनें मोडला असें म्हणत नाहीं. २०११ च्या टिपणांतील नारायणरावांच्या खुनासंबंधींचा सर्व मजकूर आम्ही मागें घेतों.

सुकथनकरांनीं महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तींत पदरचा पाठ घालणें हा अगदीं शेवटचा उपाय ठेवला व पाठान्तरें तळाशीं देऊन वाचकाला स्वतः निवड करण्याची वाट मोकळी ठेवली. फितींच्या नकलांनाहि आम्हीं आतां तोच नियम लावला आहे. हेडाचा कोन, गादी, कळ, पातळी हे वाचण्याचे दोष. ते फीत वाजवितांनाच काढले. त्यानंतर जशी उतरली तशी, सरसरीसह, दोन्ही पट्ट्यांसह फाईल ठेवली. ती वेव्ह जातीची असून सेकंदाला ९६,००० नमुने व २४ बिट ह्या मापाची आहे. (ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००९ च्या मार्गदर्शिकेंत ४८,००० व २४ ही खालची मर्यादा घातली आहे.) ऐकण्याच्या सोयीसाठीं गति सुधारलेली व सरसर थोडी उतरविलेली फाईल निराळी केली, आणि तिच्या नांवांतच ‘संस्कारित’ असा शब्द घातला. दुकानाची २००९ ची नक्कलहि टाकून दिलेली नाहीं. चुकलेला पाठ कोठून आला हें पुढील माणसाला दाखविण्यास ती हवी.

दुसऱ्या कॅसेटच्या मागील बाजूस तीन कागद आहेत. तिच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते, म्हणून ती अद्याप चालविलेली नाहीं; तशीच चालविली तर बुरशी हेडावर व तेथून दुसऱ्या फितींवर जाईल. थंडीचे कोरडे दिवस आल्यावर ती साफ करण्याचा विचार आहे. दरम्यान, रत्नागिरीकडील खाडीकांठच्या गांवांतील आगरांच्या पाटासंबंधीं सबा सबैनांतील, रमजान महिन्याचा, दुसरा कोणताहि कागद वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांतील चंद्राचा आंकडा त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावा. आमच्या पत्रांतील टिंबांची जागा भरण्यास आतां तोच एक मार्ग आहे.